वेसाव्याची मोड आणि जगाचा बाजार

आपल्या इतिहासकारांनी किल्ले मोजले, तहनामे मिळवले, वंशावळी लावल्या. परंतु समाजाने टाकून काय दिले आणि ते टाकलेले पुन्हा कोणी उचलले, इकडे त्यांचे लक्ष क्वचितच गेले. वस्तुतः टाकलेल्या वस्तूचा माग काढीत गेले, तर एखाद्या काळाचा व्यापार, त्या काळाचे ज्ञान आणि त्याची न्यायबुद्धी या तिन्ही गोष्टींचा पत्ता लागतो. वसंतातल्या या व्यासपीठावर आम्ही अशाच एका वस्तूचा माग घेणार आहोत. ती वस्तू म्हणजे ॲल्युमिनियमचे मोडके भांडे. हा माग वेसाव्याहून, म्हणजे कागदोपत्री ज्याला वर्सोवा म्हणतात त्या कोळीवाड्यातून निघतो. आणि साकीनाक्याची गोदामे, धारावीच्या भट्ट्या व न्हावा-शेवाचे बंदर यांवरून थेट लंडनच्या धातुबाजारापर्यंत जातो. एवढ्या लांबच्या प्रवासात आम्हांस एकच गोष्ट दाखवायची आहे: भंगाराच्या व्यापाराचे खरे भांडवल धातू नव्हे, निवड हे आहे, आणि ती निवड करणाऱ्या हाताला आपण जी किंमत देतो, तिच्यावरच त्या धातूचे पुढचे भले-बुरे अवलंबून असते.

वेसाव्याचे नाव मराठ्यांच्या इतिहासात ठळकपणे येते ते १७३९ सालच्या वसईच्या मोहिमेत. खाडीपलीकडे मढच्या टोकावर पोर्तुगीजांचा जो किल्ला आहे, त्यालाच वेसाव्याचा किल्ला म्हणतात. चिमाजीअप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांकडे आला, आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टीवर हात टाकला तेव्हा तो गेला. या मोहिमेची एक आठवण धातूच्या रूपाने अजून टिकून आहे. उत्तर कोकणातील चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी घाटावर नेल्या. नाशिकचे नारोशंकराचे देऊळ, भीमाशंकर, वाईजवळची मेणवली येथे त्या आजही पाहावयास मिळतात. तोफा आणि भांडी यांसाठी धातूची निकड असलेल्या त्या काळात या घंटा मुशीत गेल्या असत्या तर नवल नव्हते. पण घंटेचे रूपच उपयोगाचे होते. म्हणून ती घंटाच राहिली, फक्त तिचा देव बदलला. काय जसेच्या तसे ठेवावे, काय वितळवावे आणि कशात काय मिसळू नये, हा विवेक असा जुना आहे.

आपल्या भाषेने या विवेकाला एक शब्दही दिला आहे. तो शब्द म्हणजे ‘मोड’. ‘मोडीत काढणे’ हा वाक्प्रचार आज आपण माणसाला आणि विचारालाही लावतो. पण तो आला आहे तांबट-कासारांच्या दुकानातून. फुटका हंडा, चेपलेली घागर, झिजलेली परात दुकानी न्यायची, काट्यावर घालायची, मोडीचा भाव वजा करून नवे भांडे घ्यायचे, असा हा व्यवहार. मुंबईत पायधुणीजवळचा तांबाकाटा आपल्या नावातच त्या काट्याची आठवण बाळगून आहे. या व्यवहारात भांडे ही गृहिणीची गंगाजळी असे. अडीनडीला ते गहाण पडे, मुलीच्या लग्नात ते तिच्याबरोबर जाई, आणि त्याच्या काठावर नाव व तिथी घातलेली असे. मोडीत गेल्यावर नाव जाई, वजन मात्र राही. तांबट आपल्या गिऱ्हाइकाला ओळखत असे व गिऱ्हाईक तांबटाला. म्हणून शुद्ध तांबे कोणते आणि हिणकस कोणते, याची पारख दोघांच्या डोळ्यांसमोर होई. पितळेत शिसे किती घातले आहे, हे लपवणे अशक्य नव्हते. पण लपवणाऱ्याला त्याच आळीत राहावे लागे.

ॲल्युमिनियम या व्यवहारात फार उशिरा आला. हा धातू मातीत विपुल. पण प्राणवायूला असा घट्ट धरून बसलेला, की एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो सोन्यारुप्याच्या पंक्तीला होता. अमेरिकेच्या राजधानीतील वॉशिंग्टन-स्मारकाच्या अगदी टोकावर १८८४ साली जो छोटा कळस बसवला, तो मुद्दाम ॲल्युमिनियमचा केला, यावरून त्याची प्रतिष्ठा ध्यानात येईल. पुढे दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, अमेरिकेत चार्ल्स हॉल व फ्रान्समध्ये पॉल एरू या दोघा तरुणांनी स्वतंत्रपणे विजेच्या साहाय्याने तो सुटा करण्याची रीत काढली. राजाचा धातू पाहता पाहता रंकाचा झाला. हिंदुस्थानात १८९८ साली मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ॲल्युमिनियमची भांडी करवून पाहिली, आणि तेथून हा धंदा पसरला. जीवनलाल (१९२९) लिमिटेड या कंपनीची ‘क्राउन’ छापाची भांडी घरोघर गेली. वाटोळे कापलेले पत्रे घेऊन त्यांची पातेली ठोकणारे लहान कारखाने निघाले; या पत्र्यांना कारागीर अजून ‘सर्कल’च म्हणतात.

महाराष्ट्रातील घरांनी या नव्या धातूला नाव दिले ‘जर्मन’. कोठे त्याचे ‘जर्मल’ झाले. ‘जर्मन सिल्व्हर’ नावाचा तांबे, जस्त व निकेल यांचा पांढरा मिश्रधातू आधी बाजारात होता. त्याचेच नाव या दुसऱ्या पांढऱ्या धातूला चिकटले असे मानणे सयुक्तिक वाटते. नाव कसेही आले असो, त्या नावात थोडी तुच्छताही होती. जर्मनचे भांडे म्हणजे गरिबाचे भांडे. ते देवाच्या पूजेला चालत नसे, रुखवतात मिरवत नसे, आणि मोडीत त्याला तांब्यापितळेचा भाव येत नसे. परंतु त्याला कल्हई लागत नव्हती आणि ते वजनाला हलके होते. तांब्याची घनता पाण्याच्या नऊपट, ॲल्युमिनियमची जेमतेम पावणेतीनपट. ज्या कोळणीला वेसाव्याच्या किनाऱ्यावरून मासळी डोक्यावर घेऊन अंधेरीच्या बाजारापर्यंत जायचे, तिला हा फरक पुस्तकातून शिकावा लागला नाही. मांडवी गल्ली, डोंगरी गल्ली, तेरे गल्ली, कोठल्याही गल्लीत जा. मासळीची पाटी, पाण्याचा टोप, कालवणाचे पातेले या रूपांनी हा धातू कोळीवाड्यात रुळला. वर्षानुवर्षे खाऱ्या हवेने त्याला बारीक भोके पडत, बुडे चेपत, आणि मग ते भांडे भंगारवाल्याच्या काट्यावर जाई.

या तुच्छ मानलेल्या धातूची खरी किंमत जगाला कळली ती दुसऱ्या महायुद्धात. जुलै १९४० मध्ये ब्रिटनचे विमान-उत्पादनमंत्री लॉर्ड बीव्हरब्रुक यांनी गृहिणींना आवाहन केले, की तुमची ॲल्युमिनियमची भांडी द्या, आम्ही त्यांची लढाऊ विमाने करू. चौकाचौकांत पातेल्यांचे डोंगर उभे राहिले. पुढच्या वर्षी अमेरिकेतही तसेच घडले. लोकांचा उत्साह खरा होता. परंतु विमानाच्या पत्र्याला जो विशिष्ट मिश्रधातू लागतो, तो सरमिसळ भांड्यांतून निघत नाही, हेही पुढे उघड झाले. पातेल्यांचे स्पिटफायर फारसे झाले नाहीत. देशभक्ती कितीही शुद्ध असली, तरी धातूची शुद्धी तिने होत नाही. ती निवडीने होते.

त्याच युद्धाच्या शेवटी आपल्या देशात याच्या नेमका उलट प्रकार घडला. दोस्त सैन्याची लिबरेटर जातीची बाँबफेकी विमाने कानपूरच्या तळावर भंगार म्हणून टाकलेली होती; कोणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून जाताना ती मुद्दाम मोडलेली होती. १९४८ साली बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याच्या लोकांनी तो ढीग उपसला, कोणत्या सांगाड्याचा कोणता भाग शाबूत आहे ते पाहिले, एकाचा पंख दुसऱ्याला जोडला, आणि अशी सुमारे ४० विमाने पुन्हा उडवली. आपल्या हवाई दलाची पहिली जड बाँबफेकी विमाने ही अशी भंगारातून उठलेली होती. पुढे पुण्याच्या तळावर ती कित्येक वर्षे होती. ब्रिटनच्या चौकातील पातेली आणि कानपूरच्या तळावरील विमाने या दोन ढिगांत धातू एकच होता. एका ढिगात निवड नव्हती, दुसऱ्यात होती; एवढाच फरक.

स्वातंत्र्याच्या आगेमागे हा धातू देशातच तयार होऊ लागला. इंडियन ॲल्युमिनियम कंपनी १९३८ साली स्थापन झाली आणि केरळातील अलुपुरम येथे १९४३ मध्ये तिने धातू काढला. हिराकूडचा कारखाना १९५९ चा, रेणुकूटचा १९६२ चा. आपल्या सीमेवरील बेळगावलाही १९६९-७० च्या सुमारास हा उद्योग आला, आणि कोल्हापूर जिल्ह्यातील दुर्गमानवाडच्या पठारावरचे बॉक्साइट तिकडे जाऊ लागले. पण बॉक्साइट असून भागत नाही. एक टन ॲल्युमिनियम काढण्यास सुमारे १४,००० युनिट वीज लागते. ज्या प्रांतात वीज महाग, तेथे हा कारखाना तग धरीत नाही. बेळगावात म्हणूनच पुढे धातू काढणे थांबले आणि धातूच्या आधीची पायरी असलेले ॲल्युमिना तेवढे उरले.

येथे आपण क्षणभर थांबून एक साधा हिशेब करू. एक किलो वजनाचे जर्मनचे पातेले म्हणजे सुमारे १४ युनिट वीज. एखाद्या साध्या घराची ही तीन-चार दिवसांची वीज झाली. ते पातेले वितळवून पुन्हा धातू करायला मात्र या शक्तीच्या केवळ ५ टक्के शक्ती पुरते. कारण प्राणवायूपासून सोडवण्याचे अवघड काम एकदाच करावे लागते, आणि नंतर ६६० अंश उष्णतेला तो नुसता वितळतो. याचा अर्थ असा, की मोडके भांडे ही साठवलेली वीज आहे. आजवर जगात तयार झालेल्या ॲल्युमिनियमपैकी सुमारे तीन चतुर्थांश अजून कोठे ना कोठे वापरात आहे, असे या उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे अनुमान आहे. कोळसा जळून जातो, ॲल्युमिनियम राहतो. सरकारने १९६४ साली तीन पैशांचे ॲल्युमिनियमचे नाणे काढले. ३० जून २०११ रोजी पावली व तिच्या खालची सारी नाणी चलनातून गेली. नाण्याची सत्ता सत्तेचाळीस वर्षांत संपली, धातूची संपली नाही.

आता वेसाव्याच्या गल्लीत परत येऊ. भंगारवाल्याच्या दुकानात जे दिसते, तो बाहेरून पाहणाऱ्याला नुसता ढीग वाटतो. वस्तुतः तेथे वर्गवारी चाललेली असते. भांडी व पत्रा एकीकडे. खिडक्यांचे ‘सेक्शन’ एकीकडे. इंजिनाचे, पंख्याचे, मिक्सरचे ओतीव भाग म्हणजे ‘कास्टिंग’ एकीकडे. विजेची तार सर्वांहून निराळी, कारण तिचा धातू सर्वांत शुद्ध. लोहचुंबक फिरवून लोखंडी खिळा व स्क्रू शोधले जातात. तुकडा वाकवून पाहतात. पत्रा वाकतो, ओतीव भाग तुटतो आणि त्याची तूट खरखरीत दिसते. हे ज्ञान कोणत्या विद्यालयात मिळत नाही. अंधेरी-वर्सोव्याच्या जुन्या इमारती पाडून नवे मनोरे उभे राहू लागल्यापासून सेक्शनचा ओघ पुष्कळ वाढला आहे. एका पिढीने लाकडी तावदाने काढून ज्या सरकत्या खिडक्या बसवल्या, त्या पुढच्या पिढीने काट्यावर घातल्या.

गल्लीतून हा माल साकीनाका व कुर्ल्याच्या गोदामांत जातो, तेथून भट्ट्यांकडे. धारावीच्या लहान भट्ट्या प्रसिद्धच आहेत; मोठ्या भट्ट्या तळोज्यासारख्या औद्योगिक वसाहतींत आहेत. मुशीत माल घालायचा, क्षार टाकायचा, वर येणारी मळी झाऱ्याने काढायची, आणि खालचा रस साच्यात ओतून विटा पाडायच्या; त्यांना ‘इंगट’ म्हणतात. हे ऐकायला सोपे आहे. परंतु ज्या डब्यात पाणी राहिले आहे तो वितळलेल्या रसात पडला, तर क्षणात वाफ होऊन स्फोट होतो. आणि दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. ॲल्युमिनियमच्या रसात एकदा लोखंड, तांबे, सिलिकॉन विरघळले की भट्टीवाल्याला ते सहज बाहेर काढता येत नाहीत. जे मिसळले ते मिसळले. म्हणून सरमिसळ भंगारातून पत्रा होत नाही, इंजिनाचे ओतीव भाग होतात; आणि पुणे-चाकणच्या वाहन-उद्योगाला लागणारे असे भाग हेच या धातूचे मोठे गिऱ्हाईक झाले. चूक दुरुस्त करण्याची जागा भट्टी नव्हे. ती जागा त्याआधी, उकिडव्या बसून ढीग निवडणाऱ्या माणसापाशी आहे.

हा गल्लीतला व्यवहार जगाच्या बाजाराशी केव्हा जोडला गेला, हे सांगणे आता अवघड नाही. लंडन मेटल एक्स्चेंजवर १९७८ साली ॲल्युमिनियमचे वायदे सुरू झाले, आणि हळूहळू तो भाव साऱ्या जगाचा भाव ठरला. १९८९ साली न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले, कंटेनरांची वाहतूक वाढली, आणि दूरदेशीचे भंगार स्वस्तात आणणे शक्य झाले. २००८ च्या जुलैत लंडनला हा धातू टनाला ३,००० डॉलरांवर होता. पुढच्या सात-आठ महिन्यांत तो १,५०० च्याही खाली उतरला. अमेरिकेतील पेढ्या बुडाल्या आणि मुंबईतल्या कचरा वेचणाऱ्या बाईच्या पिशवीची किंमत अर्धी झाली. त्या बाईने ना कर्ज काढले होते, ना वायदा केला होता.

या जागतिक व्यापाराची भाषाही मोठी मौजेची आहे. तारेच्या काळात शब्दागणिक पैसे पडत, म्हणून भंगाराच्या प्रत्येक जातीला अमेरिकन व्यापाऱ्यांनी एकेक छोटा शब्द ठरवून दिला. सरमिसळ ओतीव भागांना ‘टेन्स’, चाकांना ‘ट्रोमा’, यंत्राने चिरडलेल्या सरमिसळ धातूंना ‘झोरबा’. तारा गेल्या, शब्द राहिले. आमच्याकडील दलाल रुमालाखाली बोटे दाबून सौदा करीत. त्यांच्या बोटांत आणि या शब्दांत तत्त्वतः भेद नाही. दोहोंचा आधार एकच: समोरच्याने जी जात सांगितली, त्याच जातीचा माल पेटीतून निघेल हा विश्वास.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत या व्यापाराचा मोठा ओघ चीनकडे होता. २०१० च्या सुमारास तो देश वर्षाला २० लाख टनांहून अधिक ॲल्युमिनियम-भंगार बाहेरून आणी. पुढे परदेशांचा कचरा नको, असे त्याने ठरवले. २०१८-१९ मध्ये एकामागून एक निर्बंध आले, आणि तो ओघ मलेशिया, थायलंड व हिंदुस्थान यांकडे वळला. आज हिंदुस्थान या भंगाराच्या सर्वांत मोठ्या आयातदारांपैकी एक आहे. अलीकडच्या वर्षांत ही आयात १५ लाख टनांच्या वर गेली आहे. दुसरीकडे, भंगार ही राष्ट्राची संपत्ती आहे, हे पाश्चात्त्यांच्याही लक्षात येऊ लागले आहे. अमेरिकेने २०२५ साली ॲल्युमिनियमवरचे आयातशुल्क आधी २५ आणि मग ५० टक्के केले, भंगार मात्र त्यातून वगळले. म्हणजे नवा धातू नको, मोड येऊ द्या. युरोपातही आपले भंगार बाहेर जाऊ द्यावे की नाही, याचा विचार त्याच वर्षी सुरू झाला. आपल्याकडे नवा धातू काढणारे कारखानदार भंगारावरचे शुल्क वाढवा म्हणतात, भट्टीवाले ते काढून टाका म्हणतात. या वादात दोन्ही पक्षांचे म्हणणे सरकारदरबारी पोहोचते. तिसरा पक्ष जो निवडणारा, त्याचे म्हणणे कोणी विचारीत नाही.

इतिहासाने येथे एक गमतीचा फेराही पुरा केला आहे. मुंबईत मुख्य कचेरी असलेल्या हिंडाल्को कंपनीने २००७ साली अमेरिकेतील नोव्हेलिस ही कंपनी घेतली. ॲल्युमिनियमचा पुनर्वापर करणारी ती जगातील सर्वांत मोठी कंपनी मानली जाते. तिचा एक प्रचंड कारखाना २०१४ साली सुरू झाला. वर्षाला ४ लाख टन भंगार वितळवण्याची त्याची शक्ती आहे. तो आहे जर्मनीतील नाख्टरश्टेट गावी. ज्या धातूला आमच्या आज्या ‘जर्मन’ म्हणत, त्याच्या मोडीचा सर्वांत मोठा काटा खरोखरच जर्मनीत, आणि मुंबईकरांच्या मालकीचा झाला. तेथे यंत्रे प्रत्येक तुकड्याची जात ओळखून तो वेगळा काढतात. म्हणजे निवडीला मोल आहे, हे बाजाराला पुरते ठाऊक आहे. ते मोल यंत्राला द्यायला तो तयार आहे.

पण निवड चुकली तर काय होते? इंजिनाचा भाग थोडा हिणकस निघाला, तर तो कारखान्यातून परत येतो. भांडे परत येत नाही. रेडिएटरला लावलेला डाख, बॅटरीचे तुकडे, जुना रंग, शिसे मिसळलेले यंत्रभाग हे सारे न निवडता मुशीत गेले आणि त्याच रसाची पातेली ओतली, तर शिसे त्या पातेल्यात येते. ही कल्पना नव्हे. अमेरिकेतील ॲशलंड विद्यापीठाचे जेफ्री वायडेनहॅमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये कॅमेरून देशातील भंगारापासून केलेली भांडी तपासली, आणि २०१७ मध्ये हिंदुस्थानासह १० देशांतील ४२ भांडी तपासली. आंबट द्रावण उकळून पाहता त्यांतील सुमारे एक तृतीयांश भांड्यांतून घातक प्रमाणात शिसे उतरले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही बाहेरून आलेल्या काही ॲल्युमिनियम, पितळ व मिश्रधातूंच्या भांड्यांविषयी असाच इशारा दिला. शिशाची निर्धोक अशी मात्राच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा घाला पडतो.

आता वेसाव्याच्या चुलीकडे पाहा. कोळ्यांचे कालवण चिंचेशिवाय किंवा कोकमाशिवाय होत नाही. पूर्वी ते मातीच्या भांड्यात रटरटे, आता ते पुष्कळ घरांत ॲल्युमिनियमच्या टोपात होते. आंबट रस आणि सरमिसळ धातू यांची ही गाठ आहे. चांगल्या पत्र्याचे, नावाजलेल्या कारखान्याचे भांडे घेणाऱ्याला फारशी भीती नाही. ज्याच्या खिशात थोडे पैसे आहेत, तो आठवडी बाजारात वजनावर मिळणारे जाड, ओतीव, बिनछापाचे भांडे घेतो. आणि तेच न निवडलेल्या भंगाराचे असण्याचा संभव अधिक. म्हणजे जो कचरा वेचतो, जो भट्टीवर राबतो, जो स्वस्त भांडे घेतो, तो बहुधा एकाच थरातला माणूस. निवडीला पैसे न देऊन वाचवलेली रक्कम शेवटी त्याच्या मुलाच्या ताटात हिशेबाला येते. केंद्र सरकारने २०२४ साली ॲल्युमिनियम व स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांना मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे करणारा आदेश काढला, ही योग्य गोष्ट झाली. जुलै २०२५ मध्ये लोहेतर धातूंच्या भंगाराची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम निघाले व त्यांचा अंमल १ एप्रिल २०२६ पासून ठरला, हेही योग्य झाले. परंतु चिन्ह कारखान्याच्या दारापर्यंत पोहोचते. उघड्यावरच्या मुशीपर्यंत पोहोचायला त्याला वेळ लागतो.

कोणी म्हणेल, बाजारच हे सारे नीट करील. बाजार काय करतो, याचा पुरावा वेसाव्याच्याच वाळूत मिळाला आहे. ऑक्टोबर २०१५ पासून अफरोझ शाह या वकिलांच्या पुढाकाराने लोकांनी तो किनारा स्वतःच्या हातांनी साफ केला. आठवड्यामागून आठवडे खपून त्यांनी हजारो टन घाण काढली, आणि २०१६ साली संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा गौरव केला. त्या घाणीत मुख्य भरणा होता प्लॅस्टिकचा. धातूचा डबा किनाऱ्यावर फार दिवस टिकत नाही, कोणी तरी तो उचलून नेतोच. ज्याला भाव आहे ते उचलले जाते, ज्याला भाव नाही ते समुद्राला मिळते. बाजार वस्तू उचलतो खरा. पण वस्तू उचलणाऱ्या माणसाची चौकशी करणे, मुशीतल्या शिशाची चौकशी करणे, ही कामे त्याच्या वहीत नाहीत. ती समाजाला करावी लागतात.

ती करता येतात, याचे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचरा वेचणाऱ्या बायांनी आपल्या संघटनेच्या नावातच आपला माल लिहिला, ही लहान गोष्ट नव्हे. आम्ही घाण काढीत नाही, आम्ही कागद, काच आणि पत्रा निवडतो, असे ते नाव सांगते. पुढे महापालिकेने मान्य केलेली ओळखपत्रे त्यांना मिळाली. २०१६ च्या घनकचरा-नियमांत कचरावेचकांचा उल्लेख आला, त्यामागे अशा संघटनांची वर्षांची खटपट आहे.

आमच्या मते इतिहासाचा धडा असा आहे. तांबटाच्या आळीत मोड ही संपत्ती होती, कारण घेणारा आणि देणारा एकमेकांस ओळखत व पारख उजेडात होई. ॲल्युमिनियमच्या मोडीचा बाजार आता सात समुद्रांवर पसरला. आळी मोडली, ओळख मोडली, आणि पारख अंधारात गेली. ती पुन्हा उजेडात आणायची असेल, तर तीन साध्या गोष्टी कराव्या लागतील. ढीग निवडणाऱ्याला हातमोजे, छप्पर आणि निवडीच्या दर्जाप्रमाणे भाव मिळावा. भांडी ओतणाऱ्या लहान भट्टीला शिसे तपासण्याची सोय जवळच्या जवळ मिळावी. जशी दुधाला मिळते तशी. आणि आपण गिऱ्हाइकांनी आंबट शिजवायचे भांडे घेताना नुसते वजन न पाहता त्यावरचे चिन्ह पाहावे. परदेशांतून लाखो टन मोड विकत आणणाऱ्या देशाला स्वतःच्या गल्लीतील मोडीचा एवढा मान ठेवणे जड जाऊ नये.

धातू पुन्हा पुन्हा वितळून नवा होतो. त्या धातूतून आज कोणते भांडे करून आपण कोणाच्या घरी पाठवले, याचा जाब मात्र पुढची पिढी विचारल्यावाचून राहणार नाही.